खोलीची शांतता, टेक एक

एका खोलीची शांतता दुसऱ्या खोलीला चालत नाही.

*

चौकोन क्रमांक सात: शोधपत्रकारिता. खाली भिंगातून बघणाऱ्या माणसाचं चित्र. माणसाला चेहरा नाही.

*

मशीन रूम गच्चीवर. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, पुढे बेचाळीस पायऱ्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट नाही.

*

बॅगेची चेन उघडी पडली की लोक दातांना दोष देतात. दोष बहुतेक वेळा रनरचा असतो.

*

"कुठे सही करू?"

*

चाळीस मिनिटं.

*

हे तुकडे वाऱ्यावर उडालेल्या कागदांसारखे दिसतात खरे, पण ते सगळे एकाच मुलीच्या अंगावर येऊन पडले, आणि तेही एकाच महिन्यात.

पत्रकारिता आणि माहितीपट निर्मितीच्या शेवटच्या वर्षाला ती होती. त्या वर्गात नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. दिवे लावणारा तो लाइट, ही आवाज नोंदवायची म्हणून साउंड. तिच्या जोडीला कॅमेरा धरणारा मुलगा मात्र कॅमेरा न होता लांबू झाला होता, कारण दारातून आत येताना तो सवयीनेच मान खाली घालायचा, दार कितीही उंच असो.

महिन्याच्या सुरुवातीला कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचा दिवस झाला. प्रत्येकाच्या हातात एक पत्रक. 'पुढे काय?' असा मथळा, खाली अकरा चौकोन. वृत्तवाहिनी, वर्तमानपत्र, रेडिओ, जाहिरात, कंपन्यांच्या फिल्म्स, असं करत करत अकरावा चौकोन 'इतर'. त्यात चित्रच नव्हतं.

जुने विद्यार्थी एकेक करून बोलायला उठले. एक जण लग्नांच्या फिल्म्स काढत होता. "मी आता रडणाऱ्या बापांचा तज्ज्ञ आहे," तो म्हणाला. "बाप कुठल्या मिनिटाला फुटणार ते मी बुटांवरून सांगतो." वर्ग हसला. दुसरी एका वर्तमानपत्रात मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवायचं काम करत होती. "माझी सगळी माणसं ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "म्हणून माझं काही छापून येत नाही."

शेवटी एक मॅडम उठल्या. एका वृत्तवाहिनीच्या शोधपथकाच्या प्रमुख. त्यांनी विनोद केला नाही.

"माझ्याकडे एक जागा आहे. एकच. शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाच मिनिटांची फिल्म पाठवा. सुंदर नको. मला असं काहीतरी दाखवा, जे तुम्ही दाखवलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं."

तिने पत्रकावरच्या सातव्या चौकोनाभोवती पेनाने एक रेघ मारली. मग दुसरी. दुसऱ्या रेघेला कागद फाटला.

*

फिल्म घरातलीच होती, म्हणजे तिच्या मामाची.

शहरातलं जुनं हॉस्पिटल पाडायला घेतलं होतं. तिथल्या चार लिफ्ट मामाने तीस वर्षं सांभाळल्या होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्याला मिस्त्रीच म्हणत. भाचीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माझी कसली फिल्म? मी काय हिरो आहे?" आणि शूटिंगच्या दिवशी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसून राहिला. मामीने बाहेरच्या खोलीतला कॅलेंडरचा खिळासुद्धा पुसून घेतला.

"लांबू, जेवलास का रे? वाकून वाकून पाठीचं धनुष्य होईल तुझं," मामी म्हणाली.

सुरुवातीला संमतीचा फॉर्म. दोन पानं, बारीक अक्षर.

"मामा, वाचून घे."

"कुठे सही करू?"

"अरे, वाच तरी."

"भाचीनं आणलेला कागद वाचायचा? तुझ्या आईला काय सांगू मग?" त्याने सही केली. शेवटचं अक्षर खाली ओढून एक तिरकी रेघ. तीस वर्षं रोज तपासणीच्या वहीत करायचा तीच.

मग तो बोलत गेला. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. दोर कसा बोलतो, ब्रेक कसा बोलतो.

"सकाळी लिफ्ट रिकामी वरखाली सोडायची," तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. "आपण वर, मशीन रूममध्ये. मी आणि माझा जोडीदार. तोंड बंद. एक मिनिट. नुसतं ऐकायचं. मिनिट झालं की ज्याला जे ऐकू आलं ते त्यानं बोलायचं. आडपडदा नाही. मग दुसऱ्यानं विचारायचं, 'कुठे?' त्यानं विचारलंच पाहिजे. नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच भास झाला."

तिने अपघाताचंही विचारलं. अकरा वर्षांपूर्वी तीन नंबरच्या लिफ्टचा ब्रेक घसरला, खालची सुरक्षेची पकड बसली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत स्ट्रेचरवर पेशंट होता. दार उघडायला चाळीस मिनिटं लागली. तोवर उशीर झाला होता. चौकशीत तपासणीच्या वहीत 'ब्रेक ठीक' असा शेरा निघाला, म्हणजे ब्रेकचा दोष नव्हता, म्हणजे दोष वजनाचा. लिफ्टमनने नातेवाइकांना आत कोंबलं होतं, असं ठरलं. लिफ्टमनला काढून टाकलं.

"त्याची चौकशी झाली ना," मामा म्हणाला, आणि त्याने पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता. तो तसाच प्यायला.

*

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कुठल्याही खोलीत मुलाखत झाली की साउंडवाला शेवटी सगळ्यांना गप्प करतो आणि मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरची गाडी, भिंतीपलीकडचा नळ. ही त्या खोलीची शांतता. पुढे बोलण्यातले तुकडे कापले की मध्ये भोकं पडतात, ती या शांततेने बुजवायची. दुसऱ्या खोलीची घेतली तर ऐकणाऱ्याला कुठेतरी खुपतं, काय ते सांगता येत नाही. तिच्या वर्गात याला रूम टोन म्हणत.

लांबू दिव्यांचे स्टँड घेऊन जिना उतरला होता. मामी आत होती. खोलीत मामा आणि भाची.

"मामा, आता एक मिनिट अगदी गप्प बसायचं. मला खोली ऐकायची आहे."

मामाने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. ती हेडफोन दाबून यंत्रावरचा हिरवा पट्टा बघत होती. तो सरळ राहिला पाहिजे. दहा सेकंद. वीस. तीस. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास पट्टा उडाला.

मिनिट संपेपर्यंत ती हलली नाही. मग तिने मान वर केली, आणि म्हणाली:

"मामा, परत एकदा घेऊ या. या वेळी बोलायचं नाही हं."

मामाने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. आणि म्हणाला, "बरं."

दुसरं मिनिट स्वच्छ आलं.

*

टेक एक. खराब. बोलणं आलं.
टेक दोन. चांगला.

(तिच्या वहीतून.)

*

ते बोलणं काय होतं ते तिला आठ दिवसांनी कळलं, कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत, भर दुपारी. टेक दोन उघडायच्या ऐवजी चुकून टेक एक उघडला गेला. स्पीकर चालू होते. पंखा. लांबची गाडी. आणि मग मामाचा आवाज, हळू, पण एकेक शब्द सुटा:

"त्या दिवशी मी वर गेलोच नव्हतो. गुडघा दुखत होता. खालीच बसून सही केली. लिफ्टमनची काही चूक नव्हती."

मग पंखा. दहा सेकंद पंखा. मग तिचा स्वतःचा आवाज, छान, खेळीमेळीचा: "या वेळी बोलायचं नाही हं."

तिने हे ऐकलं होतं. हेडफोन कानाला दाबून, दुनियेतल्या कुणापेक्षाही जवळून ऐकलं होतं. आणि तिला दिसला होता फक्त उडालेला पट्टा.

लांबू खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

"साउंड," तो म्हणाला. "हे... साउंड, जागा तुझी."

"गप रे."

"गप काय? मॅडम काय म्हणाल्या? दाखवलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. हेच की ते! अकरा वर्षं एक माणूस फुकट बदनाम आहे. नुसता पंखा ठेव, पडदा काळा, आणि हे वाक्य. अंगावर काटा येईल बघणाऱ्याच्या."

"तो माझा मामा आहे."

"आणि तो लिफ्टमन कुणाचाच कोणी नाही?"

लांबू बोलला ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

लांबूने मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "मुलाखत देणाऱ्यानं फॉर्मवर सही केली आहे?"

"केली आहे. पण त्यानं वाचला नव्हता. आणि त्याला वाटलं असेल की रेकॉर्डिंग संपलं."

"तुझ्या हातात यंत्र दिसत होतं त्याला?"

"हो."

"मग तू अडकलीस कुठे?" त्यांच्या आवाजात चीड नव्हती, उलट मायाच होती. "हे बघ, या कामात पहिली बातमी नेहमी घरातली निघते. मला शुक्रवारी फिल्म दे, सोमवारी मी तुला टेबल देते."

मंगळवार होता.

*

बुधवारी ती मामाकडे गेली. मामी भाजीला गेली होती. तिने हेडफोन मामाच्या कानावर चढवले आणि टेक एक लावला.

तो डोळे मिटून ऐकत होता. त्याचा स्वतःचा आवाज आला तेव्हा त्याचा चेहरा हलला नाही. तिचा आवाज आला, तेव्हा त्याने हेडफोन काढले.

"म्हणजे तू ऐकलं नव्हतंस."

"ऐकलं होतं, मामा. लक्ष दिलं नव्हतं."

"हं." त्याने वायर नीट गुंडाळायला घेतली. "मग तू माझीच भाची."

ती रडायच्या बेतात होती, पण रडली नाही, कारण आज तो तिचा हक्क नव्हता.

"मला वाटलं, तू म्हणतेस की विसरून जा," मामा म्हणाला. "बोलायचं नाही, म्हणालीस. मी म्हटलं, शिकलेली पोरगी आहे, तिला कळलं असेल, आणि ती मला वाचवते आहे. चार दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग वाटेनासं झालं."

"तू का बोललास तेव्हा?"

"तूच गप्प बसायला सांगितलंस. 'खोली ऐकायची आहे,' म्हणालीस. मी आयुष्यभर एवढ्यासाठीच गप्प बसलो आहे. मिनिट झालं की जे ऐकू आलं ते बोलायचं." त्याने वायर बाजूला ठेवली. "मिनिटसुद्धा पुरं झालं नाही माझ्याच्याने."

"मामा," ती म्हणाली. "कुठे?"

तो पहिल्यांदा नीट तिच्याकडे वळला. मग सांगू लागला. ब्रेकचं अस्तर एका बाजूने झिजलेलं होतं. वर गेला असता तर पहिल्या फेरीलाच कळलं असतं, घासल्यासारखा आवाज येतो. जोडीदार रजेवर होता. वही खाली कार्यालयातच होती. सव्वा नऊला सही केली. नंतर चौकशीवाल्यांनी वही पुढे धरून विचारलं, ही सही तुमचीच? तो म्हणाला, माझीच. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, आणि तो मूग गिळून बसला. पहिले सहा महिने उद्या सांगू, उद्या सांगू. मग उद्याही यायचा बंद झाला.

तिने यंत्र बंद ठेवलं होतं.

"तुझी ती नोकरी," मामा म्हणाला. "याच्यावर आहे का?"

तिने मान डोलावली.

"मग लाव. मला काय करतील? म्हातारा झालो. पण आधी त्याला ऐकव. लोकांच्या आधी त्यानं ऐकायला पाहिजे."

*

लिफ्टमन आता बॅगा दुरुस्त करत होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन दुकानांच्या मधल्या बोळकांडीत, एक बाकडं आणि वर टांगलेल्या चेनच्या लडी. गुरुवारी सकाळी मामा तिला सरळ तिथेच घेऊन गेला.

त्याने मामाला ओळखायला क्षणही घेतला नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला. "चेन तुटली का?"

"नाही रे. ही माझी भाची. तुला एक ऐकवायचं आहे."

लिफ्टमनने हात कपड्याला पुसले आणि हेडफोन घातले. एका गिऱ्हाइकाने शाळेचं दप्तर पुढे केलं, त्याला त्याने बोटाने थांबवलं. त्याने ऐकलं. म्हणाला, "परत लावा." पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून बाकड्यावर ठेवले आणि ते दप्तर घेऊन रनर पकडीत दाबून सरळ केला, चेन दोनदा वरखाली ओढून बघितली, गिऱ्हाइकाला देऊन टाकलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "ब्रेक घसरला ते पायांना कळतं. मी चौकशीत सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, वहीत तर ठीक लिहिलं आहे."

मामा उभाच होता. बसायला स्टूल होतं, पण कोणी बस म्हटलं नाही.

"ही फिल्म करणार आहे," मामा म्हणाला. "सगळ्या लोकांना दाखवणार. तुझं नाव धुऊन निघेल."

"कुठे दाखवणार?"

"वाहिनीवर," तिने सांगितलं.

लिफ्टमन हसला. वाईट नव्हे, दमलेलं हसू. "ताई, इथे कुणाला माहीतच नाही मी लिफ्टवर होतो. माझ्या सुनेलासुद्धा नाही. मी घर बदललं, वस्ती बदलली, सगळं त्यासाठीच. आता तुम्ही सांगणार, हा निर्दोष आहे. लोक विचारणार, कशातून?"

"पण तुमच्यावर अन्याय झाला," ती म्हणाली. तिला स्वतःचंच वाक्य पत्रकावरच्या चौकोनातल्यासारखं वाटलं.

"झालाच. म्हणून मला कागद पाहिजे. हॉस्पिटलच्या कचेरीत माझी फाइल आहे, त्यात लाल शेरा आहे. त्या फाइलमध्ये एक कागद जाऊ दे. मिस्त्रींच्या हातचा." तो मामाकडे वळला. "आणि या वेळी वाचून सही करा."

मामाने मान खाली घातली. "करतो."

"फिल्म तुमची, ताई. पण ते शेवटचं वाक्य माझ्याबद्दल आहे. ते मी देत नाही."

*

बसमध्ये दोघं शेजारी बसले होते.

"त्याला न विचारतासुद्धा लावता येईल ना तुला?" मामाने विचारलं.

"येईल. तुझी सही आहे. कायद्यानं कोणी हात लावू शकत नाही."

"मग?"

तिच्या डोळ्यांसमोर सोमवारचं ते टेबल उभं राहिलं. तिने कधी न पाहिलेलं, तरी कोपऱ्यापर्यंत ओळखीचं. शाळेपासून तिला तेवढं एकच हवं होतं: लोकांनी लपवलेलं शोधून काढायचं. आणि आता हातात आलं होतं ते कोणी लपवलेलं नव्हतं. ते तिला आपण होऊन सांगितलं गेलं होतं, आणि तिनेच परत एकदा घेऊ या म्हटलं होतं.

"मग काही नाही," ती म्हणाली. "कागद लिहू या आधी."

*

गुरुवारी दुपारी मामाच्या बाहेरच्या खोलीत कागद लिहिला गेला. मामा सांगत होता, ती टाइप करत होती. 'अनवधानाने' हा शब्द तिने घातला तर मामाने काढायला लावला. "अनवधान कसलं? गुडघा दुखत होता म्हणून गेलो नाही. तसंच लिही." मामी दारात उभी राहून ऐकत होती. तिला हे सगळं त्याच क्षणी कळत होतं. कागद संपला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं माझ्या शेजारी झोपलास, आणि सांगितलंस कुणाला? पंख्याला." आणि आत गेली. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

तिने कागद मोठ्याने वाचून दाखवला. मामाने स्वतः वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग सही केली, तीच तिरकी रेघ, पण हात सावकाश चालला.

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलच्या तात्पुरत्या कचेरीत कारकुनाने कागद घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक दिला. न वाचता.

"साहेब, एकदा वाचून घ्या," मामा म्हणाला.

"वाचतील वरचे."

"नाही. तुम्ही वाचा. मी थांबतो."

मागे सात-आठ माणसं उभी होती. त्यांनी कुरकुर केली. कारकुनाने आधी मामाकडे बघितलं, मग कागदाकडे. वाचायला लागला. दुसऱ्या परिच्छेदाला त्याने पेन खाली ठेवलं.

त्याच दिवशी पाचच्या आत तिने मॅडमना फिल्म पाठवली. चार मिनिटं पन्नास सेकंद. मामा, दोर, ब्रेक, बेचाळीस पायऱ्या. मध्ये कुठेकुठे खोलीची शांतता, टेक दोन.

लांबू तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याच्याकडेही एक प्रत होती, आणि तिला ते माहीत होतं. जीव टांगणीला लागला होता. आठव्या दिवशी त्याने वाकून वर्गाच्या दारातून आत येत डिस्क तिच्या पुढ्यात आपटली. "घे. तुझा मामा, तुझी नोकरी, घाल चुलीत दोन्ही. मी चाललो कंपनीच्या फिल्म्स काढायला. पंप कसा चालतो. निदान पंप माघार घेत नाही."

मॅडमचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'आवाजाचं काम उत्तम. पण ते वाक्य कुठे आहे?' तिने उत्तर लिहिलं, 'ते ज्याचं होतं त्याच्याकडे आहे.' ते पाठवलं नाही. फार शहाणपणाचं वाटलं. नुसतं 'देता येत नाही' असं पाठवलं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मामाला दोनदा चौकशीला बोलावलं. दोन्ही वेळा ती बरोबर गेली आणि बाहेर बसली. मामी अजून त्याच्याशी मोजकंच बोलते. लिफ्टमनच्या फाइलीतला शेरा निघाला की नाही हे कोणी लेखी कळवलेलं नाही. विचारलं तर 'प्रक्रियेत आहे' असं सांगतात. दर महिन्याला मामा विचारायला जातो.

ती आता एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या जुन्या फिती ऐकते. माणसं काय बोलली ते शब्दशः लिहून काढायचं, आणि जिथे कोणी बोलत नाही तिथेही किती सेकंद ते लिहायचं. कॉलेजने फॉर्म पाठवला होता, सध्या काय करता? तिने अकराव्या चौकोनावर खूण केली.

तीन नंबरच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचरवर गेलेल्या बाई शाळेत भूगोल शिकवत होत्या, आणि त्यांचं वय एकेचाळीस होतं.